मिरिसाला व्हेल बघायला जाताय? पक्षीही बघायचे असतील तर या चुका टाळा

हतनूर धरणावर पक्षी बघणारी आपली जळगाव-भुसावळची मंडळी आता श्रीलंकेलाही जायला लागलीय, मिरिसाला. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या बराच जवळ येतो, त्यामुळे एकाच फेरीत ब्लू व्हेल आणि भर समुद्रातले पक्षी दोन्ही मिळू शकतात. पण धरणावरच्या सवयी बोटीत चालत नाहीत भो.

स्कोप (लांबचं बघायची मोठी एकडोळी दुर्बीण) आणि ट्रायपॉड घरीच ठेवा. धरणावर बदकं जागेवर बसलेली आणि आपणही काठावर बसलेलो, इथे पक्षी हलतो, बोट हलते, स्कोपमधून नुसतं आभाळ आणि पाणी दिसतं. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे, १० पटवाली जास्त थरथरते.

सीझन न बघता बुकिंग करू नका. तिथे व्हेलचा सीझन साधारण डिसेंबर ते एप्रिल, पण विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा छोटा समुद्री पक्षी अंटार्क्टिकाकडे पिल्लं वाढवून आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात इकडे वर येतो. म्हणून जानेवारीपेक्षा एप्रिल बरा, तसंही तेव्हा जळगावच्या ४४ डिग्रीत बसून काय करणार! मेपासून तिथला समुद्र खवळतो.

उलटी सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही, बोट सुटायच्या तासभर आधीच घ्या, कोणती ते डॉक्टरांना विचारून. घरून नेलेला तिखट फराळ पहाटे उघडू नका, केळं खा. मळमळलं की लोक खाली जाऊन आडवे पडतात आणि तिथे अजूनच वाढतं, त्यापेक्षा वर मोकळ्या हवेत मधोमध बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाईल खिशात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंग बघत बसणं. लांबून सगळेच काळे दिसतात, उडणं बघा. पंख ताठ ठेवून लाटेला चिकटून तिरका तिरका घसरत जातोय, मधेच चार-दोनदा पंख मारतोय, तर शिअरवॉटर. चिमणीपेक्षा थोडा मोठा, काळा, कमरेवर पांढरा पट्टा आणि पाण्यावर पाय आपटत चालल्यासारखा, तर स्टॉर्म पेट्रेल. सुरय म्हणजे टर्न आपल्याला तापीवर ओळखीचा आहेच, पण त्याच्यामागे एखादा दांडगा तपकिरी पक्षी लागून तोंडातला मासा हिसकावत असेल तर तो स्कुआ समजा. एका जागी टर्नचा थवा घिरट्या घालत असेल तर खाली बहुतेक ट्युनाने छोटे मासे वर ढकललेले असतात, नजर तिथेच ठेवा.

"अरे तिकडे, तो बघ तिकडे" असं ओरडून कुणालाच काही सापडत नाही. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरा आणि "तीन वाजता, पाण्यालगत" असं सांगा.

व्हेल वर आला की अख्खी बोट एका बाजूला धावते, तेव्हा ग्रुपमधल्या एकाने तरी बोटीच्या मागचा फेसाळ पट्टा बघत राहायचं, पेट्रेल बऱ्याचदा तिथेच येतात. आणि लेन्सवर खारं पाणी उडालं तर शर्टाने कोरडं पुसू नका, मिठाचे कण काच ओरबाडतात, आधी गोड्या पाण्याने ओला केलेला मऊ कपडा फिरवा.