गाडीत हॅम सेट बसवताय? लॅपटॉप उघडण्याआधी बॉनेट उघडा

हॅम म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचा सेट लो पॉवरवर रिपीटर (तुमचा आवाज पकडून लांबवर पुढे पाठवणारं स्टेशन) नीट उघडतो, पण हाय पॉवर केली की आवाज फाटतो किंवा पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं माइकचं बटण) दाबताच सेट बंद पडून पुन्हा चालू होतो. असं होत असेल तर टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर), शिफ्ट (रिपीटरच्या ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक), चॅनेल कशालाही हात लावू नका. दोष बहुधा वायरीत असतो, आणि तो शोधायच्या आधी लोक चार-चार वेळा सगळी मेमरी पुन्हा भरून बसतात.

फसवतो तो मल्टिमीटर. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सेटच्या प्लगवर १२.५, म्हणजे वायर ठणठणीत, असं वाटतं. पण हा आकडा सेट नुसता ऐकत असतानाचा आहे. ऐकताना सेट अर्धा अँपिअर ओढतो, ५० वॉटवर बोलताना १० ते १२. समजा एका थिंबलचं (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोपणाचं) क्रिंप, म्हणजे दाबून केलेला जोड, ढिलं आहे आणि तिथे ०.१ ओहमचा रोध आहे. अर्ध्या अँपिअरला तिथे ०.०५ व्होल्ट जातात, म्हणजे जवळपास काहीच नाही. ११ अँपिअरला त्याच जागी १.१ व्होल्ट जातात आणि १२ वॉट उष्णता त्या इवल्याशा थिंबलमध्ये निघते. वायरही १.५ स्क्वेअर एमएमची घेतली असेल, तर जाऊन-येऊन ८ मीटरमध्ये आणखी १.२ व्होल्ट गेले. सेटपाशी उरले दहा-सव्वादहा. गाडीत बसवायच्या बहुतेक सेटना १३.८ व्होल्ट लागतात, फार तर १५ टक्के इकडे-तिकडे. म्हणजे ११.७ च्या खाली सेट रडणारच.

म्हणून मोजायचं ते पीटीटी दाबूनच. इंजिन बंद करा, अँटेनाच्या जागी ५० वॉट झेपेल असा डमी लोड (पॉवर हवेत न सोडता पचवणारा रोध) लावा, पॉवर हाय ठेवा. मीटरचे प्रोब सेटच्या मागच्या प्लगमध्ये घालून पीटीटी पाच सेकंद दाबा आणि आकडा वाचा. मग तसंच बॅटरीच्या टर्मिनलवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. जास्त निघाला तर एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा सेटच्या प्लसवर ठेवून पुन्हा दाबा, नंतर मायनसवर तेच करा. ज्या वाटेवर आकडा मोठा, दोष तिथे. लगेच थिंबलला बोट लावून पाहा, कोमट लागलं तर तेच कापून काढा. एवढं जमलं की निम्मी लढाई जिंकलात, घाबरण्यासारखं यात काही नाही.

वायर तांब्याची, ४ स्क्वेअर एमएमची घ्या, थेट बॅटरीपासून. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर ५० वॉटचा सेट चालवू नका. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात म्युझिक सिस्टिमच्या वायरीला जोड मारून देतात, ते तर मुळीच नको. फ्यूज १५ अँपिअरचा, बॅटरीपासून वीतभराच्या आत. फ्यूज वायरीसाठी असतो. तो सेटच्या बाजूला लावलात आणि इंजिन आणि केबिनमधल्या फायरवॉलच्या पत्र्यावर घासून वायर सोलली, तर मधली सगळी वायर पेटेल. त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कड झाकणारी रिंग, हवंच.

मायनस टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असेल, विशेषतः स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत, तर मायनस तिथे जोडू नका. बॅटरीची जाड मायनस केबल बॉडीला जिथे बोल्टने बसते, तिथे जोडा.

क्रिंप स्वतः करायला शिका. थिंबलच्या नळीएवढीच वायर सोला, तारा हलक्या पिळा, सगळ्या आत गेल्या का बघा, एकही बाहेर नको. पकडीने चेपू नका, क्रिंपिंग टूलच वापरा आणि मग जोरात ओढून पाहा. वरून सोल्डर ओतू नका, वायर ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने नेमकी त्या कडेला तुटते.

अँटेना टपाच्या मधोमध. १४५ मेगाहर्ट्झला पाव वेव्हची काठी साधारण ४९ सेंटिमीटर भरते. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) १.५ च्या आत आला की पुरे, १.१ साठी जीव काढू नका. कोअ‍ॅक्स (अँटेनाची केबल) दरवाजाच्या धारदार कडेत चेपू नका. पिलरमध्ये पडदा एअरबॅग असेल तर कुठलीही वायर तिच्यावरून नेऊ नका. यात सूट नाही.

आता प्रोग्रॅमिंग. केबल पूर्ण आत दाबा, मगच सेट चालू करा. चर्प या प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी सेट वाचा आणि ती मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. पोर्टच दिसत नसेल तर नकली प्रोलिफिक चिपची केबल असण्याची शक्यता मोठी, एफटीडीआय चिपची घ्या. ग्रुपवर आलेली तयार फाइल दुसऱ्याच्या सेटची असते, ती जशीच्या तशी चढवू नका. रिपीटर आठच असतील, हाताने भरा. माझ्या मते फाइल पाठवणाऱ्या सीनियरपेक्षा शेजारी बसून पहिला चॅनेल तुमच्याकडून भरून घेणारा सीनियर शोधावा.

उदाहरणादाखल, रिपीटर १४५.२२५ मेगाहर्ट्झवर ऐकू येत असेल आणि शिफ्ट उणे ०.६०० असेल, तर तुम्ही १४४.६२५ वर बोलता. चुकून अधिक निवडलंत तर १४५.८२५ वर जाल, तिथे अंतराळ स्थानकाचं पॅकेट, म्हणजे डिजिटल संदेशांची देवाणघेवाण, चालतं. टोन मोडला आधी नुसता ‘टोन’ ठेवा. ‘टीएसक्यूएल’ (ठरलेला टोन आला तरच सेटचा आवाज उघडणारा मोड) केलंत आणि रिपीटर स्वतः टोन पाठवत नसेल, तर सेट मुका राहतो आणि रिपीटर बंद आहे असं वाटतं. शिवाय ‘टीएसक्यूएल’चा टोन वेगळ्या रकान्यात भरावा लागतो, तो रिकामा वाटला तरी तिथे ८८.५ बसलेला असतो.

स्वस्त सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही ट्रान्समिट करतात. आपला टू-मीटर बँड १४४ ते १४६ एवढाच, आणि त्याबाहेर पोलीस, वन विभाग बोलत असतात. फाइलमध्येच ट्रान्समिटची मर्यादा घाला. परवाना हातात नसेल तर पीटीटी नाही, ऐकणं शिका.

गाडी बंद करताना सेट बंद करा. चालू राहिला तर बारा तासांत ६ एएच (अँपिअर-तास) जातात आणि छोट्या गाडीची बॅटरी ३५ एएचची असते. पावसाळ्यात टपावरून उतरणाऱ्या कोअ‍ॅक्सला आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथून गळेल. केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा. पहिल्या मोठ्या सरीनंतर ती उघडून पाहा, पितळ हिरवं पडलं असेल तर कनेक्टर बदला आणि केबलही हातभर मागून कापा, कारण पाणी जाळीतून आत चढलेलं असतं.