मदरबोर्ड कोणता आणि कोणाचा, हे कसे ओळखावे

विंडोज नव्याने टाकले की पुष्कळदा लॅन (वायरने जोडलेले नेटवर्क) बंद पडते, आवाज जातो आणि स्क्रीनवरची अक्षरे वेडीवाकडी दिसू लागतात. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला एखादा भाग चालवायला लागणारे सॉफ्टवेअर, हवा म्हणून दुकानात फोन केला की पहिला प्रश्न येतो, "बोर्ड कोणता आहे?" बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, पीसीचे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी. आपण सांगतो, "इंटेलचा." हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. इंटेलचा असतो तो प्रोसेसर आणि चिपसेट, म्हणजे बोर्डावरचे भाग प्रोसेसरशी जोडणारी चिप. डेस्कटॉप मदरबोर्ड बनवणे थांबवत असल्याचे इंटेलने जानेवारी 2013 मध्येच जाहीर केले होते. आज घराघरांतल्या असेंबल केलेल्या पीसींमध्ये असूस, गिगाबाइट, एमएसआय किंवा एएसरॉक यांचा बोर्ड असण्याची शक्यता जास्त, आणि या चारही कंपन्या तैवानच्या आहेत.

एच61, बी450 ही नावे चिपसेटची आहेत. एकाच एच61 चिपसेटवर कितीतरी कंपन्यांनी बोर्ड काढले, आणि प्रत्येकाचा बायोस (पीसी सुरू करणारे, बोर्डाच्या चिपमध्ये साठवलेले सॉफ्टवेअर) वेगळा. म्हणून "एच61 चा बोर्ड आहे" एवढ्या माहितीवर बायोस उतरवून घेऊ नका. आपल्याला तीन गोष्टी हव्यात: कंपनी, मॉडेल आणि रिव्हिजन (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती). तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि तिथेच फसतात.

विंडोज 10 चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. आपला पीसी विंडोज 11 घेईल का, त्यासाठी लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय बायोसमध्ये चालू करता येईल का, हे आता अनेकांना पाहायचे आहे. त्याचे उत्तरही बोर्डाच्या मॉडेलवरूनच मिळते.

आधी पीसी न उघडता

कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात एम-एस-आय-एन-एफ-ओ ही इंग्रजी अक्षरे सलग, त्यांना जोडून 32, असे टाइप करून एंटर द्या. सिस्टम इन्फर्मेशनची खिडकी उघडते. डावीकडे सिस्टम समरी निवडलेले असते. उजव्या यादीत "बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर", "बेसबोर्ड प्रॉडक्ट" आणि "बेसबोर्ड व्हर्जन" या तीन ओळी शोधा. बेसबोर्ड म्हणजे आपला मदरबोर्ड. त्याच यादीत बायोसची आवृत्ती आणि तारीखही असते, तीही टिपून घ्या.

कंपनीचे नाव इथे व्यवहारातले नसून नोंदणीतले दिसते, त्यामुळे गोंधळू नका. "मायक्रो-स्टार इंटरनॅशनल" म्हणजे एमएसआय, "असूसटेक" म्हणजे असूस, "होन हाय" म्हणजे फॉक्सकॉन. एमएसआयच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे: मॉडेलच्या जागी कधी कधी एमएस-7सी02 असा कारखान्यातला क्रमांक येतो. तो निरुपयोगी नाही. तोच क्रमांक सर्चमध्ये टाकला की बी450 टॉमाहॉक हे बाजारातले नाव सापडते. बोर्डावरही हा क्रमांक छापलेला असतो.

जुन्या विंडोजमध्ये या ओळी नसतील किंवा समोर "नॉट अव्हेलेबल" दिसत असेल, तर पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडा. गेट हा शब्द, आडवी छोटी रेघ, मग सी-आय-एम आणि इन्स्टन्स हे जोडून, एक जागा सोडून विन32, खालची रेघ आणि बेसबोर्ड. एंटर दिल्यावर निर्माता, सिरियल क्रमांक आणि प्रॉडक्ट समोर येतात. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत यासाठी डब्ल्यूएमआयसी नावाची आज्ञा दिलेली असते. विंडोज 11 च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळात बसवलेली नसते, म्हणून ती चालली नाही तर पीसी बिघडला असे समजू नका.

लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये सुडो, त्यापुढे डीएमआयडीकोड, मग रेघ-टी आणि 2. झाले.

या माहितीवर कितपत विसंबावे

ही सगळी साधने एकाच ठिकाणाहून वाचतात. कारखान्यात बोर्ड तयार होताना कंपनी आपले नाव आणि मॉडेल बायोसमध्ये लिहून ठेवते, आणि सॉफ्टवेअर तेवढेच वाचून दाखवते. सीपीयू-झेड हे हार्डवेअरची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर घ्या नाहीतर दुसरे काही, बायोसमधले नाव चुकीचे असेल तर सगळीकडे चुकीचेच दिसणार. स्वस्तातल्या पुष्कळ बोर्डांत ही जागा भरलेलीच नसते. मग "टू बी फिल्ड बाय ओईएम" किंवा "डिफॉल्ट स्ट्रिंग" असे शब्द दिसतात. तो व्हायरस नाही. नाव लिहायचे राहून गेले, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी एक आडवाट फार उपयोगी पडते, आणि ती कमी लोकांना माहीत असते. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये बोर्डावरच्या लॅनवर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात "व्हेन" नंतरचे चार अंक-अक्षर चिप कोणाची ते सांगतात: 10ईसी म्हणजे रिअलटेक, 8086 म्हणजे इंटेल. आपल्याला हवे ते पुढे आहे. "सबसिस" नंतर आठ अंक-अक्षरे असतात, त्यांतली शेवटची चार पाहा. 1043 असेल तर असूस, 1458 म्हणजे गिगाबाइट, 1462 म्हणजे एमएसआय, 1849 म्हणजे एएसरॉक. डेलसाठी 1028, एचपीसाठी 103सी, लेनोव्होसाठी 17एए. लॅनचा ड्रायव्हर नसला तरीही हा आकडा दिसतो, फक्त उपकरण "अदर डिव्हाइसेस" खाली पिवळ्या खुणेसह सापडते. मात्र वेगळे खरेदी करून बसवलेले लॅन कार्ड तपासू नका. ते त्या कार्डाच्या कंपनीचे नाव सांगेल, बोर्डाच्या नाही.

कॅबिनेट उघडून

माझे ठाम मत असे की बोर्डावर छापलेली अक्षरे हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. बायोस बदलता येतो, खोके बदलता येते, छपाई सहसा कोणी बदलत नाही. बायोस अपडेट करायचा असेल तर ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पीसी बंद करा, मागचा स्विच बंद करा आणि वायर काढा. त्यानंतर पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. समोरून पाहताना साधारणपणे डावीकडची बाजू उघडते, तिचे स्क्रू मागे असतात. धूळ फार असेल तर आधी गॅलरीत नेऊन ब्लोअरने उडवा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, त्याला गरगर फिरू देऊ नका.

मॉडेलचे नाव बहुधा मोठ्या अक्षरांत असते: प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटमधल्या जागेत, किंवा स्लॉटांच्या मधोमध. ग्राफिक्स कार्डाखाली झाकलेले असू शकते. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा आणि तो मोठा करून वाचा, वाकून डोळे ताणण्यापेक्षा हे सोपे. रिव्हिजन कोपऱ्यात बारीक अक्षरांत सापडते, "रेव्ह 1.0" अशा पद्धतीने. गिगाबाइटच्या बोर्डांत ते फार महत्त्वाचे, कारण एकाच मॉडेलच्या दोन रिव्हिजनना वेगळे बायोस असू शकतात.

आता फसवणाऱ्या खुणा. "94व्ही-0" हे जवळजवळ प्रत्येक बोर्डावर दिसते आणि लोक ते मॉडेल समजून शोधत बसतात. ती पाटीच्या साहित्याची आग न पकडण्याची श्रेणी आहे. त्याच्या आसपास ई ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो नुसती हिरवी किंवा काळी पाटी बनवणाऱ्या कारखान्याचा, मदरबोर्ड कंपनीचा नव्हे. चौकोनी चिपांवरची रिअलटेक, आयटीई, नुव्होटॉन ही नावेही तशीच सोडून द्या.

इंटेलचा खराखुरा जुना बोर्ड असेल, तर त्याच्या स्टिकरवर एए ने सुरू होणारा क्रमांक असतो. इंटेलने या जुन्या बोर्डांचे बायोस आपल्या साइटवरून 2019 मध्ये काढून घेतले, म्हणून ते अनोळखी साइटवर मिळाले तर घाई नको.

ब्रँडेड पीसी आणि लॅपटॉप

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ऑफिसांतून निघालेले डेल, एचपी, लेनोव्होचे पीसी मिळतात. इथे बोर्डाच्या नावामागे लागण्यात अर्थ नाही. डेलचा सर्व्हिस टॅग, एचपीचा सिरियल क्रमांक किंवा लेनोव्होचा मशीन टाइप त्या कंपनीच्या साइटवर टाका, ड्रायव्हर आणि बायोस दोन्ही मिळतात. बोर्डच बदलायचा असेल तर डेलच्या स्टिकरवर सीएन-0 नंतरची पाच अंक-अक्षरे वाचा, तोच भाग क्रमांक.

लॅपटॉपमध्ये आतला बोर्ड पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीने बनवलेला असतो. दुरुस्ती करणारे कारागीर म्हणून "एलए नंबर काय?" असे विचारतात. एलए- ने सुरू होणारा क्रमांक कंपालचा, डीए0 चा क्वांटाचा, 6050ए चा इन्व्हेंटेकचा. सर्किटचा नकाशा त्यावरूनच सापडतो. ड्रायव्हरसाठी मात्र लॅपटॉपच्या पाठीवरचे मॉडेल पुरते.

शेवटची तपासणी

मॉडेल हाती आले की कंपनीच्या अधिकृत साइटवरच जा आणि सपोर्टच्या पानावरचा बोर्डाचा फोटो आपल्या फोटोशी ताडून पाहा: रॅमचे स्लॉट किती, मागची पोर्टे कोणत्या क्रमाने, मोठे हीटसिंक (उष्णता काढणारे धातूचे ठोकळे) कुठे. तिथेच प्रोसेसरची यादी असते आणि त्यासमोर किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. डीडीआर3 की डीडीआर4 हेही तिथे कळते. रॅम घ्यायला जाण्यापूर्वी ते पाहा, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही.

ड्रायव्हर चुकीचा पडला तर काढून टाकता येतो. बायोस चुकीचा पडला तर पीसी सुरूच होत नाही, आणि बायोसची चिप पुन्हा लिहिणारे प्रोग्रामर नावाचे यंत्र असलेला कारागीर शोधावा लागतो. फोटो जुळत नसेल, रिव्हिजन वाचता येत नसेल किंवा नाव फक्त सॉफ्टवेअरनेच सांगितले असेल, तर आहे तोच बायोस राहू द्या. ड्रायव्हर तेवढे टाका, त्यासाठी लॅन आणि आवाजाच्या चिपांचे हार्डवेअर आयडी पुरेसे आहेत.