जुनं सेकंडहँड स्कुबा गिअर: सर्व्हिसिंगवर पैसे घालायचे की सोडून द्यायचं?

जुना रेग्युलेटर (टाकीतल्या हवेचा दाब कमी करून ती श्वासाला देणारं यंत्र) स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, आधी एकच गोष्ट शोधा, त्या मॉडेलचं सर्व्हिस किट अजून मिळतं का. किट म्हणजे ओ-रिंग, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती गादी), फिल्टर असल्या दर सर्व्हिसिंगला बदलायच्या बारीकसारीक वस्तूंची पुडी. ती बंद झाली असेल तर सेट कितीही चकचकीत असू दे, शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचा. उलट स्कुबाप्रोचे एमके ५, एमके १० सारखे जुने पितळी फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीला जोडायचा भाग) दिसायला जुनाट वाटतात पण त्यांचे पार्ट अजून मिळतात, असल्यावर खर्च करायला माझी ना नाही. टेक्निशियनला फोन करून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, किट मिळतं का आणि तुम्ही हे मॉडेल उघडता का, कारण किट मिळत असलं तरी बरेच जण आपण विकतो त्याच ब्रँडला हात लावतात.

मग हिशोब. इथे नवखे हमखास फसतात, कारण त्यांना वाटतं एक रेग्युलेटर म्हणजे एक सर्व्हिसिंग. तसं नसतं, फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) आणि ऑक्टोपस (अडचणीसाठीचा जादा सेकंड स्टेज), तिघांचं किट वेगळं आणि बहुतेक ठिकाणी मजुरी पण वेगळी, वर होज (हवेच्या नळ्या) बदलावे लागले तर ते अजून वेगळे. चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला ती हीच. माझं गणित साधंय, खरेदी अधिक सर्व्हिसिंग अधिक होज मिळून नव्या साध्या सेटच्या निम्म्यापुढे गेलं की मी सरळ नाही म्हणतो.

आता सेट हातात आला की सगळ्यात आधी फर्स्ट स्टेजच्या तोंडातला छोटा जाळीसारखा फिल्टर बघा, टॉर्च मारून. हिरवट दिसला तर आत खारं पाणी गेलंय, तांबूस असेल तर कुठल्यातरी गंजलेल्या स्टीलच्या टाकीची कृपा, काळपट असेल तर कॉम्प्रेसरमधून तेल किंवा कार्बन आलाय. मी एकदा "फक्त दोनदाच वापरलंय हो" ऐकून एक सेट घेतला, फिल्टर बघितलाच नाही, आणि तो उघडल्यावर आतून असा हिरवागार निघाला की टेक्निशियन माझ्याकडे बघून नुसता हसला. तसंही दोनदाच वापरलंय हे काही कौतुक नाही, दहा वर्षं कपाटात पडून पण रबर म्हातारं होतंच.

दुसरी टेस्ट फुकटची. टाकी न जोडता फर्स्ट स्टेजचं तोंड डस्ट कॅपने नीट बंद करा आणि सेकंड स्टेज तोंडात धरून हळू ओढा, हवा येता कामा नये. येत असेल तर डायफ्राम, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा माउथपीस कुठेतरी गळतंय, बहुतेक वेळा हे स्वस्तात निघतं. टाकी जोडून बघायची सोय असेल तर गेज लावून इंटरमीडिएट प्रेशर, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून सेकंड स्टेजकडे जाणाऱ्या हवेचा दाब, बघा (टाकी उघडताना प्रेशर गेजची काच कुणाच्याच तोंडाकडे नको), बहुतेक मॉडेलला ते ९ ते १० बारच्या आसपास येऊन थांबतं. थांबायच्या ऐवजी हळूहळू चढतच राहिलं तर सीट झिजलीय. ऐकायला भयंकर वाटतं पण सीट किटमध्येच असते, त्यामुळे घाबरू नका. घाबरायचं ते धातूला, जिथे ओ-रिंग बसते तिथे खड्डे पडलेत, क्रोम सोलवटलाय, पिस्टनच्या धारेला टवका गेलाय, तर किट घालून काही होत नाही. आणि हो, शेरवुडच्या काही फर्स्ट स्टेजमधून पाण्यात मुद्दामच बारीक बुडबुडे येतात, तो बिघाड नव्हे.

होज क्रिम्पजवळ (टोकाला धातू दाबून बसवलाय तिथे) वाकवून बघा, चिरा दिसल्या की बाद, विचारच करू नका.

टाकीचं प्रकरण वेगळं. खांद्यावर ठोकलेली तारीख वाचा, हायड्रो टेस्ट (पाणी भरून घेतलेली दाबाची चाचणी) अमेरिकेत दर ५ वर्षांनी लागते, ऑस्ट्रेलियात दरवर्षी, ती नसेल तर भरून कुणी देणार नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटापर्यंत बऱ्याच ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ मिश्रधातूच्या असायच्या, त्यांच्या मानेच्या आट्यांपाशी भेगा पडू शकतात म्हणून बरेच फिलिंगवाले त्यांना उभंच करत नाहीत. मी तर फुकट दिली तरी घेत नाही. भट्टीत तापवून नवा रंग दिलेली टाकी पण नको, उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद जाते. आणि स्टीलच्या टाकीत वर्षानुवर्षं राहिलेली हवा चुकूनही श्वासात घेऊ नका, आत ओल असेल तर गंज ऑक्सिजन खाऊन टाकतो.

बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडला असेल तर पाण्यात बुडवून बघा कुठून बुडबुडे येतात. डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप) किंवा इन्फ्लेटर (हवा भरायचा भाग) असेल तर दुरुस्त होतं, ब्लॅडरची (आतल्या हवेच्या पिशवीची) शिवणच सुटली असेल तर सोडा.

डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्यातली खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) फार जुना असेल तर त्याच्यावर पैसे घालू नका.

सगळं जमलं आणि सर्व्हिसिंगला टाकलं तर टेक्निशियनला सांगा काढलेले जुने पार्ट पिशवीत परत द्या आणि इंटरमीडिएट प्रेशर किती लावलं ते कागदावर लिहून द्या. मग पहिली डुबकी पूलमध्ये.