गावात मुलांची खो-खोची तालीम कशी उभी करावी

गावात मुलांना खो-खो शिकवायचा असेल, तर वर्गणीच्या आधी रोज ठरल्या वेळी मैदानावर हजर राहणारा एक मोठा माणूस लागतो. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावी हे काम आबांनी केले. ते शेतकरी होते आणि आमच्यापैकी अनेकांना अंगातली चपळाई व मनाचा धीर त्यांच्याच हाताखाली मिळाला, म्हणून येथे सांगितलेली पद्धत त्यांची आहे.

मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद आखावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत पाय अडकला की घोटा मुरगळतो, त्यामुळे वर चाळलेल्या मुरमाचा व मातीचा थर देऊन, पाणी मारून रोलर फिरवावा आणि रोज खेळाआधी मुलांकडून खडे वेचून घ्यावेत. खांब 120 ते 125 सेंटिमीटर उंच, पक्के रोवलेले आणि गुळगुळीत असावेत. सूर मारणाऱ्या मुलाचा तळहात त्यावरून घसरत जातो, तेथे एक खिळाही राहता कामा नये. आखणीला फक्की पुरते.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तालीम सकाळी सहाला सुरू करून साडेसातला संपवावी. कापूस वेचणीच्या दिवसांत मुले शेतात राबून येतात. आबा तेव्हा तालीम बंद ठेवत नसत, मात्र दमलेल्या मुलांना पळवतही नसत. बसण्या-उठण्याचा हलका सराव देऊन घरी पाठवत.

शिकवण्याची सुरुवात पळण्यापासून नव्हे, बसण्यापासून करावी. आठ जण मधल्या पाटीवरील चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. बसताना मागच्या पायाची बोटे जमिनीत रुतलेली, टाच उचललेली आणि हात जमिनीला टेकलेले असले, तरच खो मिळताच शरीर पुढे झेपावते. आबा मुलाच्या शेजारी उकिडवे बसून त्याचा अंगठा सरकतो की माती पकडतो, एवढेच कितीतरी वेळ पाहत. खो नेहमी पाठीमागून द्यावा, स्पर्श आणि शब्द एकाच वेळी यावेत आणि खो मिळण्यापूर्वी कोणी उठू नये, या सवयी पहिल्या महिन्यातच लावाव्यात, कारण चुकीचे वळण नंतर मोडणे फार जड जाते. संरक्षक खांद्याने हूल देतो, त्याला फसणाऱ्या मुलाला आबा अहिराणीतून सांगत, "हात दखू नको, पाय दख."

मोठ्यांची पाळी 9 मिनिटांची असते, परंतु नव्या मुलांना सुरुवातीला तीन-चार मिनिटे पुरेत.

सावकाश पळणाऱ्या मुलाचे काय करावे, यावरच शिकवणाऱ्याची खरी पारख होते. त्याला बाहेर बसवू नये. खांबाजवळच्या जागा सूर मारणाऱ्यांना द्याव्यात आणि त्याला मधल्या चौकोनात बसवावे. तेथून थोडे अंतर कापून अचूक वेळी पुढचा खो देता आला, तर संघाला त्याचा मोठा उपयोग होतो, आणि ही गोष्ट सर्वांसमोर त्याचे नाव घेऊन सांगावी.

मुलींसाठी पालकांशी घरी जाऊन बोलावे आणि अंधार पडण्यापूर्वी त्या घरी पोहोचतील, ही जबाबदारी स्वतः घ्यावी. खेळून काय मिळणार, असे कोणी विचारले, तर जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला आणि पुरुष या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले, हे आवर्जून सांगावे.

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात, म्हणून जन्मतारखेचे दाखले आधीच गोळा करावेत. संघात बाराच जण जातात. ज्यांची निवड झाली नाही, त्यांना यादी लावण्यापूर्वी एकेकाला बाजूला घेऊन कारण सांगावे, पुढे कशावर मेहनत घ्यायची ते नेमके दाखवावे आणि दुसऱ्या दिवशीच्या तालमीला त्यांना स्वतः हाक मारून बोलवावे.