गाडीत इंजिन ऑइल कोणतं आणि नेमकं किती टाकावं?

‘मुंबई गरम, म्हणून जाड ऑइल टाका’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. तो मानू नका. इंजिन एकदा तापलं की थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास ठेवतो. बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की दादरचा मे महिना.

५डब्ल्यू-३० मधला ५ थंडीत गाडी सुरू करतानाची गोष्ट सांगतो. तो जितका कमी, तितकं ऑइल गारठ्यातही वाहतं राहतं. ३० हा १०० अंशांवरचा दाटपणा. इंजिनातल्या बारीक फटी आणि ऑइल पंप हे सगळं त्या दाटपणाचा हिशोब धरून बनवलेलं असतं. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं, तर सकाळी पहिल्या सेलला ऑइल वर हेडपर्यंत उशिरा पोहोचतं. झीज होते ती त्याच काही क्षणांत, शिवाय मायलेज पडतं ते वेगळंच.

म्हणून आधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: ग्रेड (५डब्ल्यू-३० सारखा), दर्जा (एपीआय एसएन सारखा) आणि फिल्टरसह लागणारं ऑइल. एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट; ऑइलचे दर्जे ती ठरवते. पेट्रोल गाडीला एपीआय एसएन सांगितलं असेल, तर नंतर आलेलं एसपी चालतं. बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर जास्त जपा. त्याला कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. साध्या डिझेल ऑइलची राख या डीपीएफमध्ये साठत जाते आणि ती जळून जात नाही. बाईकचं ऑइल कारमध्ये नको.

खरी गडबड होते ती मापात. मॅन्युअलमध्ये ३.१ लिटर असेल आणि कॅन ३.५ लिटरचा, तर ४०० मिली कॅनमध्येच उरायला हवं. पण ‘आणलंय तर टाकून टाकू’ म्हणत अख्खा कॅन रिकामा केला जातो. ऑइल जास्त झालं की फिरता क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) त्यात बुडतो, ऑइल घुसळून फेसाळतं आणि फेसाला दाब धरता येत नाही. सील गळू लागतात, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. कमी पडलं, तर खंडाळ्याच्या चढावर किंवा वळणावर पंप हवा ओढतो आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. तो दिसताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणू नका.

ऑइल बदलताना इंजिन कोमट हवं. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट काढून धार तुटून थेंब पडू लागेपर्यंत थांबा. बोल्टला नवा वॉशर लावा. जुना ऑइल फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गाडी सुरू होताच ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑइलचं बोट लावून तो हातानेच आवळा.

आता सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. मग १००-२०० मिली करत वरच्या खुणेच्या किंचित खाली आणून थांबा. जागा मात्र सपाट हवी. सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर डिपस्टिक खोटं सांगते.

मुंबईत नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. सरासरी ताशी १५ च्या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन साडेसहाशेहून जास्त तास चाललं. ताशी ५० ने तेच अंतर २०० तासांत होतं. रोज जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) रांगेत उभी राहणारी गाडी असेल, तर मॅन्युअलमधला ‘खडतर वापरा’चा कमी कालावधीच धरा.

पावसाळ्यात गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर सेल मारण्याआधी डिपस्टिक बघा. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. गाडी टो करूनच न्या.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. रिकामा कॅन मात्र कापूनच टाका. अख्खा राहिला तर त्यातच बनावट ऑइल भरून विकलं जातं.