उपग्रहाचा आयन-डेटा वाचताना या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टला मुलं हल्ली नासाच्या व्हॅन ॲलन प्रोब्स या उपग्रहांचा आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) डेटा उतरवून घेतात. फुकट मिळतो, चांगला आहे. पण आलेख उमटला की लगेच निष्कर्ष! मागे एकीने 17 मार्च 2015 च्या भूचुंबकीय वादळाचा (सौरवाऱ्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठवलेल्या खळबळीचा) आलेख पुढे धरला. "सर, आयन दर नऊ तासांनी गायब होतायत."

आयन कुठे जात नव्हते, उपग्रहच जात होता. त्याची फेरी साधारण नऊ तासांची: एकदा जमिनीपासून 600 किलोमीटरवर, एकदा 30,000 किलोमीटरच्या पलीकडे. खाली आला की वलय-प्रवाहातले, म्हणजे पृथ्वीभोवती कड्यासारखे फिरणारे, आयन वरच मागे राहतात. म्हणून प्रत्येक आलेखाखाली पृथ्वीपासूनच्या अंतराची रेघ हवीच. हे उपग्रह जुळे होते. शंका आली की दुसऱ्याशी ताडून बघा.

वादळाच्या ऐन भरात आलेखाचा माथा सपाट दिसला तर सावध व्हा. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आली की कोपऱ्यावर माणसं मोजणाऱ्याचं जे होईल, तेच कण मोजणाऱ्या डिटेक्टरचं होतं. एक कण नोंदवेपर्यंत पुढचे निसटतात. निसटलेल्या कणांसाठीची दुरुस्ती त्या फाइलमध्ये आधीच केलीय का, ते माहितीपत्रकात वाचा.

उलट गंमतही होते. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतले (चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांच्या भागांतले) जोरकस इलेक्ट्रॉन उपकरणाची भिंत भेदून आत शिरतात आणि आयन म्हणून मोजले जातात. सगळ्या ऊर्जा-पट्ट्यांत एकाच वेळी सारखीच वाढ दिसली, तर मला आधी हाच संशय येतो.

ऑक्सिजनचं प्रकरण जरा नाजूक. उपकरण कणाला पातळ पापुद्र्यातून सोडतं, पुढचं ठरावीक अंतर कापायला लागलेला वेळ मोजतं आणि शेवटी ऊर्जा. ऊर्जा सारखी असेल तर ऑक्सिजन प्रोटॉनच्या चौपट वेळ घेतो, त्यावरून ओळख पटते. पण जड असल्याने तो वाटेतच जास्त ऊर्जा गमावतो. ऊर्जेच्या या घटीसाठी दोघांना एकच कोष्टक लावू नका.

किरकोळ दोन: उणे एकावर एकतीस शून्यं म्हणजे 'नोंद नाही', ती आकडेमोडीत घेऊ नका. आणि वेळ जागतिक असते, आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवा.

"आदित्य-एल1 चा डेटा घेऊ का?" हा प्रश्न दरवर्षी येतो. इस्रोचं हे यान चुंबकावरणाबाहेर (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचाबाहेर), 15 लाख किलोमीटरवर सौरवारा, म्हणजे सूर्याकडून वाहणारे भारित कण, मोजतं. शिवाय ते उडालं 2 सप्टेंबर 2023 ला. 2015 च्या वादळाची फाइल तिथे शोधत बसू नका.