इलेक्ट्रिक ड्युअल-स्पोर्ट घेताय? इंदूरवाल्यांनो, आधी या चुका टाळा

ड्युअल-स्पोर्ट म्हंजे रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर, दोन्हीकडे चालणारी बाईक. तीच घेऊन मी खंडवा रोडच्या भेरूघाटात अर्ध्यावर आहे, स्क्रीनवर बॅटरी २२ टक्के दिसतेय, गाडी ताशी २० च्या वर जायला तयार नाही आणि मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून जीव खातायत, हे सगळं मी भोगलंय म्हणून लिहितोय. सकाळी घरून बॅटरी फुल करून निघालो, घाटाखालच्या चोरल गावाला पोचलो तेव्हा ६२ टक्के शिल्लक, म्हटलं वा, अजून काय पाहिजे, आणि नदीकाठच्या कच्च्या वाटांवर तासभर मनसोक्त हुंदडलो. एवढं साधं डोक्यात आलं नाही की आपलं गाव पठारावर, चोरल खाली, जाताना गाडी निम्मं काम उताराच्या जोरावर करत होती आणि येताना ते सगळं परत चढायचंय.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, रेंजचा हिशेब जाण्यावरून करणं. चोरल घ्या, पातालपाणीच्या खालचं कालाकुंड घ्या, आपल्याकडच्या चांगल्या ट्रेल बऱ्याचशा नर्मदेच्या बाजूला उतरतात, म्हंजे दमलेल्या बॅटरीने घाट चढायचा हे ठरलेलंच. मनालीवाल्यांचं बरंय, ते आधी चढतात मग उतरतात. त्यात कंपनी जो आकडा सांगते तो टेस्टचा असतो, कमी स्पीडला, थांबत-चालत, सपाटीवर काढलेला. अल्ट्राव्हायोलेट कंपनीने मार्च २०२५ मध्ये शॉकवेव्ह ही अशीच बाईक दाखवली तेव्हा ४ किलोवॉट-अवरच्या (म्हंजे ४००० वॉट-अवर) बॅटरीवर १६५ किमी सांगितले, वजन १२० किलो, कागदावर भारीच आहे, पण भागाकार करून बघा, एका किमीला २४ वॉट-अवर पडतात. खंडवा रोडला ७०-८० ने जाणाऱ्या आणि मग चिखलात चाक फिरवत बसणाऱ्या माणसाने ३५ तरी धरावेत, मी तर ४० धरतो.

हा हिशेब दुकानातच मोबाईलवर करा, लाजू नका. सेल्समन बॅटरीचे एएच (अँपिअर-अवर) सांगेल, "सर चालीस एएच की है", तुम्ही व्होल्ट विचारा आणि दोन्हींचा गुणाकार करा. ७२ व्होल्ट आणि ४० एएच म्हंजे २८८० वॉट-अवर, म्हंजेच २.८८ युनिट, वीजबिलात येतं तेच युनिट. शेवटचे १०-१५ टक्के वापरायचे नाहीत असं धरलं तर अडीच युनिट, म्हंजे २५०० वॉट-अवर उरतात, ३५ ने भागा, साधारण ७० किमी. चोरलला नुसतं जाऊन-येऊनच ८० होतात! मग अशी गाडी वाईट का, तर नाही, राळामंडळच्या बाजूला तासभर फिरून घरी येणाऱ्याला ती पुरे. फक्त आपला रविवार कसा असतो ते आधी ठरवा आणि गाडी नंतर.

आता घाटात गाडी मेली का, तर बॅटरीमुळे नाही, हे मला नंतर कळलं. मावसभाऊ घरून चार्जर घेऊन सिमरोलच्या ढाब्यावर आला (येतायेता "बघ, म्हटलं होतं ना पेट्रोलची घे" हे तीनदा बोलून झालं), तोवर अर्धा तास गेला होता आणि गाडी आपोआप नीट पळायला लागली होती. मोटर आणि कंट्रोलर (मोटरला करंट पुरवणारा डबा) गरम झाले की सिस्टीम स्वतःच पॉवर कमी करते, त्यांना वाचवायला. हळू स्पीड, पूर्ण थ्रॉटल, चढ, हे तिन्ही एकत्र आले की करंट जास्त खेचला जातो आणि थंड करायला वारा नसतो. त्यामुळे असं झालं तर घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करायच्या आधी सावलीत १५-२० मिनिटं थांबा. आणि नेहमीच होत असेल तर मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन-तीन दात मोठं बसवून बघा, टॉप स्पीड जाईल पण मोटरला दम मिळेल, अर्थात वॉरंटी बघून.

दुसरी चूक माझी नाही, एका मित्राची आहे पण माझ्यापेक्षा महाग पडली. एका दुकानातून बाहेरदेशातून आणलेली हलकी इलेक्ट्रिक डर्टबाईक घेतली, दिसायला कमाल, बिलावर बारीक अक्षरात लिहिलेलं 'ओन्ली फॉर ऑफ-रोड यूज'. म्हंजे नंबर मिळणार नाही, नंबर नाही म्हंजे इन्शुरन्स नाही, आणि ट्रेलपर्यंत न्यायची तर टेंपोत घालून. आपल्याकडे रजिस्ट्रेशनमधून सूट फक्त २५० वॉट आणि ताशी २५ किमीच्या आतल्या गाड्यांना आहे, बाकी सगळ्यांना इलेक्ट्रिकची हिरवी नंबरप्लेट लागतेच. बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी फॉर्म २१ (विक्रीचं सर्टिफिकेट) आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं सर्टिफिकेट) देणार का विचारा, तिथे माणूस "हो जाएगा भिया" म्हणाला की उठा.

चार्जिंगचं पण बघून घ्या. तिसऱ्या मजल्यावर राहता, बॅटरी काढून वर नेऊ म्हणता, ती १५-२० किलोची असते, दोन दिवस न्याल. खाली पार्किंगमध्ये प्लग घेतला तर तो १५ अँपिअरचा, नीट अर्थिंगवाला घ्या, आमच्याकडे एक्स्टेन्शन बोर्डाचं प्लॅस्टिक वितळलं आणि कॉमन मीटरवरून खालच्या काकूंनी जो विषय काढला तो अजून संपला नाहीये. मे महिन्यात तापलेली गाडी आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, तासभर थंड होऊ द्या.

पावसाळ्यातली काळी माती हा आपला खास प्रॉब्लेम. पुढचं मडगार्ड टायरला चिकटून असेल तर ती माती, त्यात सोयाबीनचं काड, असा गिलावा होतो की चाक फिरतच नाही, आणि मोटरचा टॉर्क इतका की मागचं चाक खड्डा खणत बसतं, पुढचं जागेवर. मी एकदा झाडाच्या काटकीने ती माती खरवडलीय, शेवटी मडगार्डच काढून बॅगेला बांधलं. उंच मडगार्डवाली गाडी बघा, किंवा तसं बसवता येतं का ते विचारा.

आणि घरी आल्यावर प्रेशर वॉशर नको. पाणी-धुळीपासून बचावाचं आयपी६७ रेटिंग म्हंजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, जोराच्या फवाऱ्याचं त्यात काही नाही. पाइपने हळू धुवा, आणि साइड स्टँडचा सेन्सर जुन्या टूथब्रशने साफ करा. धुतल्यानंतर गाडी स्क्रीन लावते पण पुढे जात नाही म्हणून मी अख्खी संध्याकाळ फ्यूज तपासत होतो, कंट्रोलर उडाला असेल म्हणून पोटात गोळा आलेला, आणि निघालं काय तर त्या सेन्सरवर वाळलेला चिखल, गाडीला वाटत होतं स्टँड खालीच आहे.